मालनबाई न विचारता उसवत नाहीत

माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकही गाव जागचं हललं नाही. मी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. बांध सरकलेले पाहिले, खुणेचे दगड गायब झालेले पाहिले, वीतभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावलेले पाहिले. पण गाव नकाशावर जिथं आहे तिथंच राहतं. म्हणून गेल्या जानेवारीत ऑनलाइन ज्ञानकोशात एका नव्या सदस्याने लिहिलेलं वाक्य वाचलं आणि माझं टाळकं सरकलं.

‘बोरखळी हे गाव दिवाळीपर्यंत पाथर्डी तालुक्यात तिसगावजवळ असते. दिवाळीनंतर ते कोल्हारजवळ प्रवरेच्या काठी असते.’

या ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं, आणि तिथंच खरी पंचाईत आहे. लिहिणारे सगळे हौशी, फुकट राबणारे. आलेलं लिखाण तपासायला आम्ही चार-पाच जण आहोत, तेही फुकटच. आम्हाला प्रचालक म्हणतात. चुकीचं काढून टाकायचं आणि कुणी फारच त्रास देऊ लागला तर त्याचं खातं बंद करायचं, एवढे अधिकार आम्हाला आहेत. आमच्या घरात या पदाला मान नाही. बायको म्हणते, पेन्शनीत वॉचमनकी धरली.

त्यातून मी मूळचा कोल्हारचा. राहुरीत घर बांधून वीस वर्षं झाली, तरी कोल्हारबद्दल कुणी काही बोललं की माझे कान टवकारतात. माझ्या गावाच्या शिवेत दुसरं गाव आणून टाकणारी ही कोण टिकोजी? नाव होतं ‘पंकजा बोरखळी’. मी वाक्य काढलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘खोडसाळपणा’. दुसऱ्या दिवशी सकाळी वाक्य परत जागेवर. मी काढलं, लिहिलं, ‘संदर्भ नाही’. पुन्हा परत. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा कारण लिहायचीही तसदी घेतली नाही. चौथ्यांदा हेच झालं की खातं बंद करायचं, असा आमचा नियम. झालं. मी बंद करायला घेतलं, तेवढ्यात माझ्या चर्चापानावर निरोप आला.

‘भाऊसाहेब, त्या मुलीचं खातं आठ दिवस बंद करू नका. तिला काहीतरी म्हणायचं आहे, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की सांगते. मालन, राहुरी.’

हे नाव माझ्या ओळखीचं होतं. दोन वर्षांपासून नव्या सदस्यांच्या पानांवर या मालन राहुरींचे निरोप दिसायचे. लांबलचक, घरगुती, आणि माझ्या मते वेळेचा अपव्यय. पण मी पडलो मोजणीदार. निरोप आल्यावर सहज मनात आलं म्हणून मागच्या वर्षाचा पडताळा घेतला. मी समज दिलेले एकतीस नवे सदस्य होते. त्यांतले परत लिहायला आले दोन, आणि त्यातला एक मला शिव्या द्यायला. मालन राहुरींनी निरोप धाडलेले चौदा. त्यांतले नऊ अजून लिहीत होते. मी दोनदा मोजलं. आकडा तोच आला.

मग मात्र मला चैन पडेना. ही बाई करते तरी काय? राहुरी म्हणजे काही मुंबई नव्हे. भाजीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘मालनबाई? शिवणक्लासवाल्या?’

मी समजत होतो, कुणी प्राध्यापक असतील.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एका औषधाच्या दुकानावर त्यांचा क्लास आहे. जिना इतका अरुंद की वरून कुणी आलं तर खालच्याने परत उतरायचं. वर एक लांबट खोली, सात मशिनी, दहा-बारा मुली आणि खिडकीपाशी कापायच्या टेबलामागे मालनबाई. वय साठीच्या आसपास, ठेंगणा बांधा, गळ्यात टेप, कानाला खोचलेली पेन्सिल, हातात निळा खडू. मी नाव सांगितलं.

‘आगं बया, भाऊसाहेब! बसा की. त्या स्टुलावर नगा बसू, त्याचा पाय मोडलाय. हितं बसा. आधी ह्या पोरीचं बघते, मग तुमचं.’

माझं काय बघणार होत्या, देव जाणे. मी बसलो.

एका मुलीने ब्लाउज शिवून आणला होता. मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, तरी मलासुद्धा दिसलं की एक बाही दुसरीपेक्षा रुंद झाली आहे. माझ्या हाताला खाज सुटली. मी असतो तर बाही उसवून पोरीच्या हातात ठेवली असती. मालनबाईंनी ब्लाउज उलटा केला, आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं.

‘गळा गोल आलाय. मागल्या खेपेला कोपरं निघत हुते, आता न्हाईत. टीप पण एकसारखी हाय.’ मग खडूने रुंद बाहीवर एक बारीकशी रेघ मारली. ‘ही बाही अशी का केलीस गं?’

मुलगी म्हणाली, ‘मापच तसं हाय, बाई. आईचा उजवा दंड दीड इंच जास्ती हाय. आमचं लोहारकाम. दादा सांडशी धरतो, आई घण मारती. आयतं ब्लाउज तिला उजव्या दंडात रुततं.’

मालनबाईंनी टेबलावरची वही ओढून लिहून घेतलं. ‘दोन्ही दंडांचं माप घ्यायचं, आं? चाळीस वर्षं शिवतेय मी. एकाच दंडाचं घेत आले. किती बायांना रुतलं आसंल गं.’

त्यांनी ती खडूची रेघ अंगठ्याने पुसून टाकली. पुसली गेली म्हणजे पूर्ण गेली, मागमूस राहिला नाही. मी हे बघत होतो, पण अजून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. उलट मी जरा कुरकुरलोच. म्हटलं, ‘एखादीचं चुकलेलंही असेल की. दरवेळी विचारत बसायचं?’

‘चुकतंच की. धातल्या नऊ वेळा चुकलेलंच आसतं. तरी मी उसवत न्हाई. खडू मारून देते. ज्यानं शिवलं त्यानं उसवायचं.’

‘का?’

मालनबाईंनी खडू खाली ठेवला. ‘एकदा उसवलं हुतं. चौदा वर्षं झाली. वृषाली नावाची पोरगी हुती, लई कमी बोलायची. तिनं पाठीला मधोमध तिकोनी तुकडा जोडला हुता. मला वाटलं, कापड कमी पडलं म्हणून जोड दिला. बाजारचा दिस, घाईत हुते. काढून टाकला आणि म्हनलं, नीट शिवून आन. ती काय बोलली न्हाई. दुसऱ्या दिवशी आली न्हाई. पुन्हा कधीच आली न्हाई. भाऊसाहेब, तो तुकडा तिनं का जोडला हुता, ते मला आजून कळलं न्हाई. कापड कमी न्हवतं, नंतर बघितलं मी. पाठ वाकडी आसंल कुनाची? का अंगावरच्या लेकराला पाजनाऱ्या बाईसाठी काय युक्ती हुती? मी तसा तुकडा जोडून पन बघितला. कळत न्हाई.’

मला वाटलं होतं, ही बाई गोड बोलून माणसं जोडते. पण हा गोडवा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

ज्ञानकोशात त्या आल्या ते टाळेबंदीत. क्लास बंद, मुली घरी, हाती फक्त लेकीने दिलेला मोबाईल. त्यात त्यांनी गोधडीवरचा लेख वाचला, त्यात धावदोऱ्याबद्दल चुकीचं लिहिलेलं दिसलं, म्हणून दुरुस्त केलं. कुणीतरी ते काढून टाकून खाली लिहिलं, ‘संदर्भ नाही’. संदर्भ म्हणजे काय, हे समजायला त्यांना तीन आठवडे लागले. ‘कुनी सांगितलंच न्हाई,’ त्या हसत म्हणाल्या. ‘मला वाटलं, माझ्यावर कसला ठपका हाय.’ ते काढणारा मी नव्हतो ना, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग त्यांनी पंकजाला धाडलेला निरोप दाखवला. मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरून त्यांनीच वाचला.

‘पंकजा, तुझा लेख वाचला. गावात किती विहिरी, कुठल्या आटतात, कुठली आटत नाही, हे तू नावानिशी लिहिलं आहेस. असं कुठल्या गावाच्या लेखात मी पाहिलं नाही. एक विचारायचं होतं. गाव कोल्हारला जातं असं तू लिहिलंस. म्हणजे काय काय जातं? मी राहुरीच्या बाहेर फारशी गेले नाही, म्हणून विचारते.’

आणि पंकजाचं उत्तर. ती तिसगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आजीजवळ गावी राहते. तिने लिहिलं होतं:

‘ताई, माणसं जातात. बैल जातात. कोंबड्या, शेळ्या, कुत्री जातात. देवीचा टाक जातो. न्हावी जातो. किराणा दुकानदार जातो आणि उधारीची वहीसुद्धा नेतो. भांडणं जातात, ज्यांचं इथं बोलणं नसतं त्यांचं तिथंही नसतं. लग्नं तिथं ठरतात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेसाठी ठेवलेली मुलं आणि देऊळ. ताई, मग गाव कुठं आहे असं लिहायचं? मी जे दिसतं ते लिहिलं. ते सर खोडसाळ म्हणाले. मी खोडसाळ नाही. चौथ्यांदा काढलं तर मी पुन्हा लिहिणार नाही.’

मालनबाईंनी मोबाईल खाली ठेवला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. एक टेम्पो गल्लीत अडकला होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

‘वाक्य अस्संच ऱ्हानार न्हाई, हे मलाबी कळतंय,’ त्या म्हणाल्या. ‘पन ती खोटं बोलत न्हाई. आठ दिवस द्या. तिचं तिला उसवू द्या.’

मी आठ दिवस दिले. आणि मला स्वतःला काय झालं ठाऊक नाही, दुसऱ्या दिवशी मी एसटी धरून कोल्हारला गेलो. घरी सांगितलं, चुलतभावाकडे काम आहे. खरं म्हणजे मला बघायचं होतं, गाव कसं येतं ते.

नदीच्या खालच्या अंगाला ऊसतोड मजुरांच्या कोप्या दरवर्षी पडतात. बांबू, पाचट आणि वर ताडपत्री. आम्ही लहानपणापासून त्याला ‘तळ’ म्हणतो. शाळेत जाताना रोज त्याच्या कडेने जायचो. आई बजावायची, तळावर जायचं नाही. मी गेलो नाही. मोजणी खात्यात गेलो, त्याच शिवारात साखळी ओढली, शेजारच्या गटाची मोजणी केली, तरी गेलो नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी.

दुपारी माणसं फडात होती. एक म्हातारी, बायडाबाई, नातवंडं राखत बसली होती. मी विचारलं, ‘पंकजाच्या आईवडिलांची कोपी कुठली?’

‘ती काय, देवळामागची तिसरी.’

मी मागं वळून पाहिलं. ‘कुठलं देऊळ?’

‘आमचं. मारुतीचं.’

‘इथं कुठाय मारुती?’

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मोजणीला आलेल्या अडाण्याकडे पाहत असे. मग हात लांब केला. कोप्यांच्या रांगांच्या मधोमध एक चौकोनी जागा मोकळी होती. पोरं तिच्या कडेने पळत होती. एक ताडपत्रीचा दोरसुद्धा त्या जागेत आलेला नव्हता, वळसा घालून पलीकडे बांधला होता. जागेची एवढी टंचाई, कोप्या अंगाला अंग लावून, आणि मध्ये ही रिकामी जागा.

‘तितं कोपी कशी घालनार?’ बायडाबाई म्हणाल्या. ‘देऊळ हाय ना तितं.’

देऊळ होतं नव्वद किलोमीटरवर. पायात चपला होत्या, त्या काढल्या आणि कडेने पावलं टाकत ती जागा मोजली. एकोणीस बाय चौदा. मग बायडाबाईंकडून एकेक कोपी विचारून घेतली: खालची आळी, वरची आळी, चावडीमागची घरं, पलीकडे थोडं अंतर राखून बौद्धवस्ती. गावातली तीही रीत इथं आलेली होती. मी आयुष्यभर कागदावर गावं उतरवली. हे गाव लोकांनी कागदाशिवाय उचलून आणलं होतं, चांगलं-वाईट सगळं धरून. आणि मी त्याला खोडसाळपणा म्हणालो होतो. मला लाज वाटली, तिथल्या तिथं, त्या म्हातारीसमोर.

सातव्या दिवशी पंकजाने स्वतः वाक्य बदललं. मालनबाईंनी तिला एवढंच विचारलं होतं, ‘तुझ्या आधी हे कुणी छापलंय का? शोधशील?’ तिने गावच्या शाळेचं कपाट धुंडाळलं. एका संस्थेने ऊसतोड मजुरांच्या मुलांची पाहणी करून काढलेली छापील पुस्तिका तिला मिळाली. त्यात तक्ता होता: बोरखळी, एकशे ऐंशी कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. जाण्याचं ठिकाण, कोल्हार परिसर. तिने लिहिलं:

‘बोरखळी हे पाथर्डी तालुक्यातील गाव आहे. येथील बहुसंख्य कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कोल्हार परिसरात जातात व सुमारे पाच महिने तेथे राहतात.’ खाली संदर्भ, पानाच्या क्रमांकासकट.

वाक्य चोख होतं. मला पहिलं जास्त आवडू लागलं होतं, पण ते बोलायची सोय नव्हती.

तिला दोन शब्द लिहावेत असं मनात आलं. मसुदा केला आणि मालनबाईंकडे नेला. त्यांनी वाचला आणि पोट धरून हसल्या. ‘भाऊसाहेब, ही नोटीस हाय! “आपणांस कळविण्यात येते की” काय, “सदर बदल ग्राह्य धरण्यात येत आहे” काय! पोरगी घाबरून गाव सोडंल.’ मग खरोखरच निळा खडू घेऊन त्यांनी माझ्या कागदावर तीन रेघा ओढल्या. खोडलं काहीच नाही.

‘आधी काय बरं वाटलं ते सांगा. नुसतं छान-छान न्हाई, काय ते नेमकं. मग एक इचारा. एकच. आणि तुमाला ठाऊक आसंल ते इचारू नगा. परीक्षा घेतल्यासारखं व्हतं.’

मी चार वेळा लिहिलं. शेवटी एवढं उरलं: ‘पंकजा, मी तुझं वाक्य तीनदा काढलं, ते चुकलं. न विचारता काढलं. तू संदर्भ शोधलास, पानासकट दिलास, तसं जुने लोकही देत नाहीत. कोल्हारला मी तुमच्या देवळाची जागा पाहिली. ती दरवर्षी कोण आखतं?’

तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. देवळाची जागा तिची चुलती पावलांनी आखते, आधी तिची सासू आखायची. टेप कुणीच लावत नाही. मी तक्रार न करता ते वाचलं. त्यानंतर ती नियमित लिहू लागली, मालनबाईंबरोबर नव्या लोकांना निरोपही धाडू लागली. मालनबाईंच्या चौदांनंतरची ही पंधरावी, असं मी आपलं मनाशी धरलं. बोरखळीचा विषय माझ्या लेखी मिटला होता.

मार्चमध्ये माझ्या चर्चापानावर तिचा निरोप आला. या वेळी तो माझ्या लेखाबद्दल होता. कोल्हारवरचा लेख मी लिहिला आहे. दोन वर्षं खपून, एक्केचाळीस संदर्भ देऊन. त्याला हात लावायची आजवर कुणाची टाप झाली नव्हती.

‘सर, तुमचा कोल्हारवरचा लेख वाचला. जुन्या रस्त्याची आणि नव्या रस्त्याची जागा तुम्ही इतकी स्पष्ट लिहिली आहे की डोळ्यांसमोर येते. पुराच्या पाण्याची पातळी वर्षांसकट दिली आहे, ते मला ठाऊक नव्हतं. एक विचारायचं होतं. दिवाळीनंतर नदीच्या खालच्या अंगाला जे राहतात, त्यांच्याबद्दल लेखात काही नाही. ते कुठल्या गावात धरायचे? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारते. माझा जन्म तिथलाच, कोपीतला. माझ्या जन्माच्या दाखल्यावर गाव कोल्हार आहे.’

मी माझा लेख उघडून वरपासून खालपर्यंत वाचला. चतुःसीमा बरोबर होत्या. क्षेत्रफळ बरोबर होतं. एक्केचाळीस संदर्भांतला एकही चुकीचा नव्हता. माझ्या गावात जन्मलेल्या त्या पोरीला मात्र त्यात उभं राहायला जागा नव्हती.

तिने एक अक्षरही काढलं नव्हतं. ते माझं मला उसवायचं होतं.

मी तिला उत्तर लिहिलं, ‘मला माहीत नाही, पंकजा. शोधतो.’ निरोपालाही कारणाचा रकाना असतो; त्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो तसाच सोडला.